वीस मिनिटं जास्त, आणि पुढे?

पीएच.डी.ची जाहिरात आली की दिव्यांगांसाठी कुठं काय सवलत आहे हे शोधत आपण पानं उलटतो. प्रवेशासाठी ५५ टक्क्यांऐवजी ५० टक्के, ५ टक्के आरक्षण, वयात सूट, पेटच्या पेपरला जादा वेळ आणि लेखनिक. हे सगळं नीट लिहिलेलं सापडतं. प्रश्न सुरू होतो तो प्रवेश मिळाल्यावर. संशोधन हे काही तीन तासांचा पेपर नाही, आणि आपल्या नियमांनी दिव्यांग विद्यार्थ्याची जी कल्पना केली आहे ती जवळजवळ सगळी परीक्षा हॉलमधली आहे. या लेखात मला हीच कल्पना तपासायची आहे. मी विज्ञान शाखेची आहे, कायद्याची नाही. पण नियम आणि निकाल वाचायला वकील असावं लागत नाही, पेपर वाचायची सवय पुरते.

आधी आकडा. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण, म्हणजे आयशे, त्याच्या २०२१-२२ च्या अहवालात देशात उच्च शिक्षणात एकूण सुमारे ४.३३ कोटी विद्यार्थी आहेत. त्यात दिव्यांग म्हणून नोंदलेले सुमारे ८९ हजार. भागाकार करून बघा, हजारात दोन. २०११ च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत दिव्यांगांचं प्रमाण २.२१ टक्के, म्हणजे हजारात बावीस.

आता इथं घाई करू नका. हे दोन आकडे शेजारी ठेवले की लगेच 'दहा पट तफावत' असं लिहायचा मोह होतो. जनगणनेतल्या बावीसमध्ये म्हातारपणी दृष्टी गेलेले, गुडघे गेलेले लोकही आहेत. ते कॉलेजात येणार नाहीत. उलट बाजूनं, २०११ ला दिव्यांगत्वाचे आठच प्रकार मोजले होते आणि २०१६ च्या कायद्यात २१ आहेत. शिवाय आयशेचा आकडा कॉलेजं स्वतः भरतात. ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही किंवा ज्यानं ते दाखवलंच नाही, तो त्या रकान्यात येत नाही. तेव्हा नेमकी तफावत किती हे या दोन आकड्यांवरून काढता येणार नाही. पण कायद्यानं सरकारी आणि अनुदानित संस्थांत किमान ५ टक्के जागा ठेवायला सांगितल्या असताना नोंद ०.२ टक्क्यांवर थांबते, एवढं तरी म्हणता येतं. आरक्षण आहे आणि माणसं नाहीत. मग अडचण दारात नसून दाराच्या अलीकडे आणि पलीकडे आहे.

अलीकडची अडचण आपल्या जिल्ह्यात समजावून सांगायची गरज नाही. धाराशिव हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला, महाराष्ट्रातल्या चारांपैकी एक. भूम-परंड्याच्या पोरानं प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या गावी यायचं, तारीख मिळाली नाही तर परत जायचं, पुन्हा यायचं. एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. सवलत चांगलीच आहे. पण तिकीट स्वस्त झालं म्हणून गाडीची पहिली पायरी खाली येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे विद्यापीठातही हाच प्रकार दिसणार आहे: पैशात, टक्क्यात, मिनिटात जे मोजता येतं ते दिलं जातं. पायरी तशीच राहते.

पलीकडची अडचण समजायला कायद्यातली एक संकल्पना हवी. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ यात 'वाजवी सोय' अशी कल्पना आहे. मराठी भाषांतरात तिला वेगवेगळे शब्द वापरलेले दिसतात, मी हाच वापरते. साध्या भाषेत: एखाद्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीनं हक्क वापरता यावा म्हणून, संस्थेवर अवाजवी बोजा न पडेल असे, त्या विशिष्ट बाबतीत आवश्यक असलेले बदल करणं. 'त्या विशिष्ट बाबतीत' हे शब्द महत्त्वाचे. रॅम्प सगळ्यांसाठी असतो. वाजवी सोय ही अमुक विद्यार्थ्याला अमुक कामासाठी काय लागतं, यातून ठरते.

सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०२१ ला 'विकास कुमार विरुद्ध यूपीएससी' या खटल्यात हे फार स्पष्ट केलं. अर्जदाराला लिहिताना हाताला पेटके येण्याचा विकार होता. नियमातल्या ठरावीक प्रकारांत तो बसत नाही, ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही, म्हणून लेखनिक नाकारला होता. न्यायालय म्हणालं की ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे, ती वाजवी सोयीला लावता येणार नाही. आणि सोय काय हवी हे संस्थेनं त्या व्यक्तीशी बोलून ठरवावं. मला या निकालातली ही बोलण्याची गोष्ट लेखनिकापेक्षा मोठी वाटते. पण त्यातून पुढे काय निघालं? १० ऑगस्ट २०२२ ला ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या आणि लिहिण्यात अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी मार्गदर्शक सूचना आल्या. लेखनिक आणि जादा वेळ, तासाला किमान वीस मिनिटं. आधीच्या, २०१८ च्या सूचनांतही तेच. नेट-सेट देणाऱ्यांना हे पाठ आहे, तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त.

या सूचनांची गरज मी नाकारत नाही. ज्याला तो एक तास नाकारला गेला त्याला विचारा. मुद्दा असा की निकालात सांगितलेला संवाद गळून पडला आणि हातात वीस मिनिटांचं कोष्टक राहिलं. कोष्टक राबवायला सोपं. पर्यवेक्षकाला कुणाशी बोलावं लागत नाही.

आता पीएच.डी.चे नियम बघा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिला संशोधक आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त दिव्यांगत्व असलेल्या संशोधकांना त्यावर आणखी दोन. एकूण दहा वर्षांच्या आत. परीक्षेतली वीस मिनिटं इथं दोन वर्षं झाली. तर्क तोच: तुला वेळ लागतो, घे वेळ.

पण वेळ का लागतो, हे कुणी विचारलंय? व्हीलचेअरवरच्या संशोधकाला फ्यूम हूडपर्यंत हात पोचत नसेल तर दोन वर्षं जास्त दिल्यानं तो पोचणार आहे का? प्रयोगशाळेतली बैठक उभं राहून काम करणाऱ्या डोळस, दोन हातांच्या माणसाच्या उंचीनं बांधलेली असते. मी स्वतः काम करते त्या हूडची कडा माझ्या छातीला लागते, आणि मी बसत नाही, उभी राहते. बहिऱ्या संशोधकाला आगीचा भोंगा ऐकू येत नाही, त्याला दिव्याची उघडझाप लागते. ती बसवायला दोन वर्षं लागत नाहीत, एक इलेक्ट्रिशियन लागतो. वेळ ही संस्थेला सगळ्यात स्वस्त पडणारी सोय आहे, कारण तिचा खर्च विद्यार्थी उचलतो. जेआरएफ-एसआरएफ मिळून फेलोशिप पाच वर्षांची. दिव्यांगांसाठी दरवर्षी २०० जणांना मिळणारी जी राष्ट्रीय फेलोशिप आहे, तीही पाच वर्षांचीच. नियम म्हणतो दहा वर्षं, पगार म्हणतो पाच. मधली पाच वर्षं कुणाच्या जिवावर काढायची, हे दोन्ही कागदांत नाही.

यावर विज्ञानाच्या विभागांत एक ठरलेलं उत्तर मिळतं, आणि ते उत्तर दुष्टपणानं दिलेलं नसतं हे मला मान्य आहे. 'अहो, पण बघितल्याशिवाय टायट्रेशन कसं करणार? सूक्ष्मदर्शकातून बघणार कोण? कामाचं स्वरूपच असं आहे.' या युक्तिवादाचं उत्तर पुण्यात सापडतं, आणि तेही प्रयोगशाळेत नाही तर चित्रपटाच्या शाळेत.

एफटीआयआयनं रंगांधत्व असलेल्या एका उमेदवाराला चित्रपट संकलनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाकारला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १२ एप्रिल २०२२ ला निकाल लागला. रंग न ओळखणारा माणूस सिनेमा कसा शिकणार, वरवर पाहता संस्थेचं म्हणणं अगदी रास्त. न्यायालयानं नेमलेल्या समितीनं अभ्यासक्रम उघडून बघितला. रंग जिथं खरोखर आड येतो असा भाग म्हणजे संकलनातला रंगसंस्कार, कलर ग्रेडिंगचा तुकडा. तो वगळा किंवा ऐच्छिक करा, आणि सगळे अभ्यासक्रम खुले करा, असं समितीनं म्हटलं. संस्थेची काही अभ्यासक्रमांपुरती हरकत होती, पण न्यायालयानं समितीचं ऐकलं. सिनेमा ही अनेकांनी मिळून करायची कला आहे, एखाद्याची मर्यादा दुसऱ्याच्या मदतीनं ओलांडता येते, हे त्यामागचं म्हणणं.

या निकालाची गोडी अशी की रंगांधत्व २०१६ च्या कायद्याच्या २१ प्रकारांत नाही. तरीही पद्धत तीच लागू पडली: आधी कामाचे तुकडे करा, मग कुठला तुकडा खरंच अडतो ते सांगा. आता आपल्याकडे या. फिनॉल्फथॅलीनचा फिकट गुलाबी रंग ओळखणं हे टायट्रेशनमधलं ज्ञान आहे की रसायनशास्त्र शंभर वर्षांपूर्वी जसं होतं तशी एक सवय? पीएच मीटर लावला की अंत्यबिंदू आकड्यात मिळतो, तोही जास्त नेमका. आणि ज्या विषयात एका शोधनिबंधावर आठ-आठ नावं असतात, मास स्पेक्ट्रम दुसऱ्या शहरातून करून आणतात, एक्सआरडीचे नमुने कुरियरनं पाठवतात, त्या विषयानं 'सगळं स्वतःच्या डोळ्यांनीच करावं लागतं' असं म्हणावं, हे जरा अतीच होतं. आपण सगळेच दुसऱ्याच्या डोळ्यांनी संशोधन करतो. फक्त काहींच्या बाबतीत त्याला 'सहकार्य' म्हणतात आणि काहींच्या बाबतीत 'मदत'.

इथपर्यंत झालं कायद्याचं. आता एक शोधनिबंध वाचू, कारण हा ब्लॉग त्यासाठी आहे.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या ब्रायन शॉ यांच्या गटाचा एक निबंध आला. विषय लिथोफेन. ही मुळात १९ व्या शतकात युरोपात लोकप्रिय असलेली एक शोभेची कला: चिनी मातीची पातळ पट्टी, जाडी कमी-जास्त करून कोरलेली. हातात घेतली तर नुसता खडबडीत तुकडा, मागून दिवा धरला की जाड भाग गडद, पातळ भाग उजळ, आणि फोटोसारखं चित्र उमटतं. या गटानं तीच गोष्ट थ्री-डी प्रिंटरनं केली, पण चित्र म्हणून विज्ञानातला डेटा घेतला: प्रथिनांच्या जेलचं चित्र, सूक्ष्मदर्शकाखालची प्रतिमा, वर्णपट, मास स्पेक्ट्रम, पाठ्यपुस्तकातली आकृती. म्हणजे अंध संशोधक बोटांनी जेलचे पट्टे मोजू शकतो आणि समोरचा डोळस तीच पट्टी उजेडात धरून तेच पट्टे बघू शकतो. दोघांच्या हातात एकच वस्तू. ब्रेलमधल्या आकृतीत हे होत नाही. ती बहुतेक डोळसांना वाचता येत नाही, त्यामुळे मार्गदर्शक आणि विद्यार्थी दोन वेगळ्या कागदांवर बोलत राहतात.

निकाल असे. लिथोफेनवरचे प्रश्न अंध सहभागींनी स्पर्शानं सोडवले तेव्हा सरासरी अचूकता ९६.७ टक्के. डोळसांनी उजेडात बघून ९२.२ टक्के. डोळसांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून स्पर्शानं ७९.८ टक्के.

हे आकडे बातम्यांत आले की 'अंधांनी डोळसांना मागे टाकलं' असं शीर्षक होणार, हे सांगायला नको. तुम्ही मात्र सहभागी कोण होते ते बघा. अंध सहभागी होते पाच. त्यातल्या चौघांची रसायनविज्ञानात पीएच.डी. झालेली. ज्यानं आयुष्य वर्णपट वाचण्यात घालवलं त्याला पट्टी हातात दिल्यावर शिखर कुठलं हे कळणारच. तेव्हा ९६.७ आणि ९२.२ यांच्यातल्या फरकावर कसलंही घर बांधू नका. पाच जणांच्या सरासरीला तेवढं वजन पेलत नाही. तुळजापूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेल्या अंध विद्यार्थ्याला ही पट्टी किती उपयोगी पडेल, हे या निबंधावरून सांगता येत नाही.

मग निबंध कमकुवत आहे का? मला नाही वाटत. तो जो दावा करतो तो लहान आहे आणि त्याला पाच माणसं पुरतात: हा डेटा स्पर्शानं वाचणं अशक्य नाही. 'अशक्य' म्हणणाऱ्याला खोटं ठरवायला एक उदाहरणही चालतं. आणि माझ्या मते खरी शिकण्यासारखी जागा तिसरा आकडा आहे. डोळ्यांवर पट्टी बांधलेले डोळस लोक ८० टक्क्यांच्या आसपास अडकले. बोटांनी वाचणं हे शिकून येतं. म्हणजे शाळेत आठवी-नववीला ज्या अंध मुलाच्या हातात कधी एकही उठावदार आलेख दिला नाही, त्याला एम.एस्सी.ला अचानक लिथोफेन देऊन भागणार नाही. सोय ही उशिरा आली तर निम्मी वाया जाते. त्यामुळे निबंधाच्या पुढचा प्रयोग मला पीएच.डी. झालेल्यांवर नाही तर शाळकरी मुलांवर झालेला बघायचा आहे. कुणाला विषय हवा असेल तर घ्या.

'हे अमेरिकेत ठीक आहे' असं कुणी म्हणेल. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठी संसाधन केंद्र आहे, एक्सआरसीव्हीसी. स्क्रीन रीडर, पुस्तकं वाचता येतील अशा रूपात आणणं, बँका आणि कायद्यांत बदलांसाठी पाठपुरावा, हे सगळं एका कॉलेजच्या केंद्रानं केलं. पैसा लागतो, पण त्याहून जास्त लागतं ते एक कायमचं टेबल आणि त्यावर बसणारा माणूस, ज्याचं हेच काम आहे. यूजीसीनं २०२२ मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं आणि मानकं काढली. कागद बरा आहे, अडचण 'मार्गदर्शक' या शब्दाची आहे. सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुडी प्रकरणात याच दुखण्यावर बोट ठेवलं: सुगम्यतेची मानकं नियमांत नुसती शिफारसवजा ठेवली आहेत, कायद्याला ती बंधनकारक हवी आहेत, म्हणून तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत किमान बंधनकारक नियम करायला सांगितलं.

आता सगळ्यात कमी खर्चाची गोष्ट, जिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. आपल्या परिपत्रकांच्या पीडीएफ. विद्यापीठ, कॉलेज, सरकारी कार्यालय, कुठलंही उघडा. कागद टाइप केला, प्रिंट काढली, सही-शिक्का मारला, परत स्कॅन केला आणि संकेतस्थळावर टाकला. तो आता मजकूर नाही, फोटो आहे. स्क्रीन रीडर त्यात काहीच वाचू शकत नाही. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट आहे, मराठीही बोलतो, पण फोटोपुढे तो मुका होतो. दुसरा प्रकार जुन्या फॉन्टचा. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा असतो. स्क्रीन रीडर तो कचरा वाचतो. शोधगंगेवरचे जुने मराठी प्रबंध उघडा, हे दोन्ही प्रकार दिसतील. ज्या प्रबंधांवर पुढच्या संशोधकानं उभं राहायचं तेच त्याला वाचता येत नाहीत. २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यानं पुस्तकं सुगम्य रूपात आणायला परवानगी दिली, मराकेश करार मान्य करणारा पहिला देश २०१४ मध्ये भारतच झाला. आणि आपण स्वतःच्या प्रबंधाला फोटो करून ठेवतो.

तुमचा प्रबंध, सिनॉप्सिस, अगदी विभागाच्या ग्रुपवर टाकायची नोटीस, पाठवण्याआधी दहा सेकंदांची चाचणी करा. पीडीएफमध्ये कर्सरनं एक ओळ निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा. ओळ निवडलीच जात नसेल तर फोटो आहे. चिकटवल्यावर चिन्हं आली तर जुना फॉन्ट आहे. ओळ जशीच्या तशी मराठीत आली तर ठीक. आलेखाखाली 'आकृती ४' एवढंच न लिहिता आलेख काय सांगतो ते दोन वाक्यांत लिहा. याला कुणाची मंजुरी लागत नाही.

आणि तुम्ही स्वतः दिव्यांग असाल, पेट निघाली असेल, तर मार्गदर्शक निवडण्याआधी भेटायला जा, फोनवर भागवू नका. सोबत कुणाला न्यायचं असेल तर न्या. प्रयोगशाळा कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का आणि लाइट गेल्यावर काय, स्वच्छतागृह कुठं आहे, फील्डवर्क किती, मापन कुठल्या उपकरणावर आणि ते चालवणारा तंत्रज्ञ आहे का, हे सरळ विचारा. उपपरिसरात प्रवेश असला तरी कोर्सवर्कला, सादरीकरणाला, तोंडी परीक्षेला किती वेळा संभाजीनगरला जावं लागेल आणि त्यातलं काय ऑनलाइन होतं, हेही विचारा. इथून तो पाच-सहा तासांचा रस्ता आहे. मग जे हवं ते लेखी मागा. अर्जात आजाराचा इतिहास लिहायची गरज नाही. काम लिहा, अडथळा लिहा, बदल लिहा. उदाहरणार्थ: 'मला आठवड्यातून तीन दिवस यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर काम आहे. उपकरण ज्या ओट्यावर आहे त्याची उंची व्हीलचेअरवरून पोचण्याजोगी नाही. ते तळमजल्यावरच्या खोलीतल्या कमी उंचीच्या टेबलावर हलवावं, ही विनंती. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मधील वाजवी सोयीच्या तरतुदीनुसार.' खाली तारीख, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका.